सात माडांचा हिशोब

घराच्या पश्चिमेला माझे सात माड.
यंदा वहीच्या मागच्या पानावर
मी त्यांची वाटणी केली,
भावाभावांत करतात तशी,
पण माझ्या दुखण्यांत.

विहिरीकडचा पहिला बीपीच्या गोळ्यांना.
वर्षाला शंभरेक नारळ, पंचवीसच्या भावाने.
एक महिना कमी पडतो, तो उधारीवर.

पुढचे चार विम्याच्या हप्त्याला.
चौघांचं मिळून सहा महिन्यांचं भागतं,
उरलेलं शिलाई मशीन बघतं.
फॉर्मवर विचारलं होतं: आधीपासूनचे आजार.
रेघ एवढीशी.
मी लिहिलं, रक्तदाब, गुडघे.
आरोंदेकरांचा मुलगा एजंट आहे, तो म्हणाला,
मावशी, गुडघे खोडा.
नाही खोडले.
आता कंपनीने गुडघ्यांना तीन वर्षं थांबायला सांगितलंय.
रोज सकाळी पायरीवर बसून
मी त्यांची समजूत घालते.

सहावा मोतीबिंदूला. डाव्या डोळ्याच्या.
उजव्याला म्हटलं, तुझं नंतर बघू.

सातवा कुंपणाकडचा, समुद्राकडे वाकलेला.
त्याच्यापुढे बराच वेळ काही लिहवेना.
मग लिहिलं: रात्रीची बाई.
म्हणजे पुढे कधीतरी
कुशीवर वळवायला, भांडं द्यायला,
दोन वाजता दिवा लावून
कोण आहे ते सांगायला.
वेंगुर्ल्यात रात्रीचे सातशे घेतात म्हणे.
भागाकार केला.
हा माड वर्षाला साडेतीन रात्री देतो.
बाकीच्या तीनशे साडेएकसष्ट
मी कुठेच मांडल्या नाहीत.

मंगळवारी लवू पाडेली आला.
कमरेला कोयता, पायात काथ्याचा फास,
माझ्याहून दोनच वर्षांनी धाकटा.
सहा माड उतरवून खाली आला,
तांब्याभर पाणी प्याला,
वहीत डोकावला.
"काय लिवतास, बाये?"
वाचून दाखवलं.
हसेल वाटलं होतं. हसला नाही.
"आणि मी पडलंय तर?
माझो माड खंयचो?"

त्यालाही ते सरकारी कार्ड काढायचं होतं.
दोनदा गेला, रांगेत बसला.
यंत्राला त्याचा अंगठा दिसेना.
चाळीस वर्षं सालीवर घासून घासून
शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा
गुळगुळीत झालाय तो.
तिथली मुलगी म्हणाली, काका, हात धुऊन या.
धुतले. परत धुतले.
मग म्हणाली, डोळ्यांनी करूया,
तेवढ्यात रेंज गेली.
"मगे मी इलंय. मजुरी बुडा होती."

मजुरी.
माडामागे पन्नास, वर्षाला सहा खेपा.
ती मी धरलीच नव्हती.
नारळ आपोआप खाली येतात असं समजून
मी अख्खं म्हातारपण मांडून बसले होते.
पेन्सिल घेतली, वजा केलं.
साडेतीनच्या तीन झाल्या रात्री.

म्हटलं, लवू, शुक्रवारी मी डोळे दाखवायला जातंय.
तू पण चल. तुझे डोळे त्यांका दाखवूया.
"आणि ह्यो सातवो?"
माड खंय पळता?
तो बराच वेळ वर बघत राहिला,
मग फास गुंडाळून खांद्यावर टाकला
आणि तसाच गेला.

रात्री वारा होता.
मी जागीच होते, दोनचा सुमार असेल.
कुंपणाकडे धप्प झालं, आणि परत एकदा.
सकाळी चाचपडत जाऊन दोन नारळ उचलून आणले.
ओट्यावर ठेवलेत.
अजून कोणाच्या नावावर घातलेले नाहीत.